दानवीर शेठ प्रेमचंद रायचंद आणि प्रेमोद्यान

मुंबईतील भायखळ्याचे प्रेमोद्यान हे एकोणिसाव्या शतकातील थोर जैन श्रेष्ठी शेठ प्रेमचंद रायचंद यांचे निवासस्थान. १८३१ साली सुरतेत जन्मलेल्या शेठजींनी कापूस व शेअर व्यापारात अमाप वैभव मिळविले. १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठास ग्रंथालय व मनोऱ्यासाठी त्यांनी ४ लाख रुपये अर्पण केले. १८६५ साली अमेरिकेतील यादवी युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले आणि ते वैभव लयास गेले. दान मात्र अक्षय ठरले. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या मनोऱ्यास मातोश्री राजाबाईंचे नाव लाभले. रात्रिभोजनत्यागाचे व्रत पाळणाऱ्या दृष्टिहीन मातेस घंटानादाने वेळ कळावी, हा हेतू त्यामागे सांगितला जातो. १९०६ साली शेठजी निवर्तले. पुढे प्रेमोद्यानात कन्याशाळा व अनाथाश्रम सुरू झाला. दानवीराच्या वास्तूचे सार्थक झाले.