पेशीचा स्वभाव शोधणाऱ्या डॉ. कमल रणदिवे

स्तनाच्या कर्करोगाचा पॅथॉलॉजी अहवाल हातात पडला, की घरच्यांची नजर पहिल्यांदा जाते ती गाठीच्या आकारावर आणि आजाराच्या टप्प्यावर. त्याच अहवालात ई.आर., पी.आर., हर-टू अशी अक्षरे असतात आणि त्यांच्यापुढे पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह लिहिलेले असते. ही ओळ समजत नाही म्हणून अनेक जण ती सोडून देतात. पुढची औषधे कोणती, हे मात्र बऱ्याच अंशी याच ओळीवरून ठरते.

गाठ कुठे आहे यापेक्षा ती कशामुळे वाढते हे शोधायचे, या विचारावर आजची ‘टार्गेटेड थेरपी’ म्हणजे लक्ष्यवेधी उपचारपद्धती उभी आहे. भारतात कर्करोगाच्या पेशीला असे प्रश्न विचारणाऱ्या पहिल्या पिढीत एक पुणेकर स्त्री होती. त्यांचे नाव डॉ. कमल रणदिवे.

८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात जन्मलेल्या कमल या माहेरच्या समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत. आपल्या सर्व मुलांनी उत्तम शिकावे हा त्यांचा आग्रह होता. कमल यांची शाळा हुजूरपागा. सदाशिव पेठेला लागून, लक्ष्मी रस्त्यावर आजही भरते तीच. लेकीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने दोन्ही गोष्टी ऐकल्या नाहीत. तिने फर्ग्युसनमधून वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्रात विशेष प्रावीण्यासह पदवी घेतली. पुण्याच्याच कृषी महाविद्यालयात सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी आणि गुणसूत्रांचा अभ्यास करून १९४३ मध्ये एम.एस्सी. केले. १९३९ मध्ये गणितज्ञ जयसिंग त्रिंबक रणदिवे यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. संशोधनातल्या आकडेमोडीत पतीची त्यांना मोठी मदत झाली.

लग्नानंतर त्या मुंबईला गेल्या आणि टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करू लागल्या. तिथे विकृतिशास्त्राचे नामवंत संशोधक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पुढे अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी शरीराबाहेर पेशी वाढवण्याचे तंत्र आत्मसात केले. काचेच्या नळीत अखंड वाढत राहणाऱ्या ‘हेला’ या प्रसिद्ध मानवी पेशी याच प्रयोगशाळेतल्या. परदेशात राहता आले असते, पण त्या परतल्या. मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी उभारलेली ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा देशातील पहिली मानली जाते.

या प्रयोगशाळेचे महत्त्व रुग्णाने समजून घेण्यासारखे आहे. कर्करोगाची पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवता आली, की तिला कोणते संप्रेरक मिळाल्यावर ती फोफावते आणि कशाने थांबते हे तपासता येते. आजचे लक्ष्यवेधी औषधही रुग्णापर्यंत येण्याआधी अशाच पेशींवर तपासले जाते.

रणदिवे यांनी स्तनाच्या कर्करोगासाठी उंदरांच्या निरनिराळ्या जाती निवडल्या. काही जातींत हा आजार सहज होतो, काहींत क्वचित. त्यामागे आनुवंशिकता, संप्रेरके आणि उंदरांमधला एक विषाणू यांचा परस्परांशी काय संबंध आहे, हे त्यांनी वर्षानुवर्षे तपासले. यातील विषाणूची बाब उंदरांची. पण संप्रेरके आणि आनुवंशिकता हे धागे माणसाच्या उपचारापर्यंत पोहोचले, जगभरातल्या अनेक संशोधकांच्या हातून.

अहवालातील ई.आर. पॉझिटिव्ह याचा अर्थ गाठीच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन हे संप्रेरक पकडणारे प्रथिन आहे. टॅमॉक्सिफेनची गोळी तीच जागा अडवते. हर-टू हे वाढीचा संदेश घेणारे प्रथिन. साधारण पाचांपैकी एका स्तनकर्करोगात ते फार जास्त असते आणि त्यावर ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन दिले जाते. बीआरसीए जनुकात जन्मजात दोष असेल, तर काही रुग्णांना ओलॅपरिबचा उपयोग होतो. नेहमीची किमोथेरपी भराभर वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर घाव घालते. लक्ष्यवेधी औषध ठरावीक खूण शोधते, आणि ती खूण नसेल तर महागडे औषधही वाया जाते. म्हणून आधी चाचणी, मग औषध.

हे औषध म्हणजे त्रास नाहीच, असे मात्र नाही. ट्रास्टुझुमॅबच्या काळात हृदयाची तपासणी करत राहावी लागते. इतर काही गोळ्यांनी अंगावर पुरळ येते, जुलाब होतात. पेशी कालांतराने बदलून औषधाला दादही देईनाशी होते. तेव्हा पुन्हा तपासणी करून उपचार बदलावे लागतात. बरे वाटते म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे धोक्याचे.

१९६६ ते १९७० या काळात रणदिवे यांनी संशोधन केंद्राच्या प्रभारी संचालकपदाची धुराही सांभाळली. कुष्ठरोगाच्या जीवाणूंवरील त्यांचे काम लशीच्या संशोधनाला उपयोगी पडले. १९७३ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतरही त्या थांबल्या नाहीत. अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाच्या पाहणीसाठी त्या जात राहिल्या.

११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर महिन्याभरातच, १० मे रोजी, अमेरिकेत इमॅटिनिबला मान्यता मिळाली. एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाला कारणीभूत असलेले नेमके प्रथिन रोखणारी ही गोळी. ती आली आणि ज्या आजारात रुग्ण थोडीच वर्षे काढत, त्यात अनेकांना रोजच्या गोळीवर दीर्घ आयुष्य जगता येऊ लागले.

आपल्या किंवा घरातल्या कुणाच्या हातात असा अहवाल आलाच, तर डॉक्टरांसमोर बसताना काही प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. गाठीच्या कोणत्या खुणा तपासल्या? त्यांतली कोणती सापडली? तिच्यासाठी औषध आहे का, ते किती काळ घ्यायचे आणि उपयोग होतोय हे कसे कळणार? घरात आई, मावशी, आत्या किंवा बहिणीला हा आजार झाला असेल, तर तेही सांगावे. ही पेशी अशी का वागते, हा प्रश्न कमल रणदिवे यांनी आयुष्यभर उंदरांच्या पिंजऱ्यापाशी आणि काचेच्या नळीपाशी विचारला. रुग्णाने तो डॉक्टरांना विचारण्यात संकोच कसला?