प्रेमात न पडलेल्या रमेची गोष्ट

आधी क्रश, मग रात्रभर चॅट, मग स्टेटस आणि एक दिवस थेट ब्लॉक. प्रेमात पडणं म्हणजे काय, हे तुम्हाला कुणी वेगळं सांगायला नको. पण प्रेमात पडणं आणि प्रेम करणं एकच का? रमाबाई रानडेंचं आयुष्य बघा. लहानपणी आजीशेजारी बसून ‘उंच माझा झोका’ पाहिली असेल, तर त्यातली रमा म्हणजे याच.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची ही यमुना. १८७३ मध्ये लग्न झालं तेव्हा ती जेमतेम ११ वर्षांची होती. नवरा, महादेव गोविंद रानडे, ३१ वर्षांचे. पहिली पत्नी नुकतीच वारलेली. विधवाविवाहाचा जाहीर पुरस्कार करणारे रानडे आता विधवेशीच लग्न करतील, असं मित्रांना वाटत होतं. पण वडील अडून बसले आणि रानडे नमले. त्यांच्या मनात हे लग्न नव्हतं. तिला तर कुणी विचारलंच नव्हतं. सांगा, यात प्रेमात पडायला जागा कुठे होती?

तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. रानड्यांनी लगेच शिकवायला सुरुवात केली, आधी मराठी, पुढे इंग्रजी. घरातल्या बायकांना ते अजिबात रुचलं नाही. दिवसभर टोमणे, अबोला, वर घरकाम होतंच. रानडे वडीलधाऱ्यांशी भांडत नसत, तिलाच सोसायला सांगत. हे वाचून राग येतो ना? मलाही आला. पण शिकवणं त्यांनी थांबवलं नाही आणि तिनेही पाटी खाली ठेवली नाही. पुढे पुण्यात मुलींना हायस्कूल हवं, म्हणून चाललेल्या प्रयत्नांत हीच रमा उभी राहिली. १८८४ मध्ये ते सुरू झालं, तीच आपली हुजूरपागा.

१९०१ मध्ये रानडे गेले. रमाबाई चाळिशीच्या आतच होत्या. त्या काळात विधवा बाईने कोपऱ्यात बसायचं असतं. काही काळ त्या घराबाहेर पडल्याही नाहीत. मग मात्र कामाला लागल्या. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथे बायका शिकल्या, नर्स झाल्या, शिक्षिका झाल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहिल्या. १९१० मध्ये दोघांच्या संसाराच्या आठवणींचं त्यांचं पुस्तक आलं. बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणूनही त्या झटल्या. १९२४ मध्ये त्यांचं निधन झालं.

गैरसमज नको. ११ वर्षांच्या मुलीचं लग्न हा अन्यायच होता. पुढे प्रेम फुललं म्हणून तो माफ होत नाही. आपलं माणूस आपण निवडायचं, हे स्वातंत्र्य तुमच्याकडे आहे आणि ते सोडू नका.

पण निवडल्यानंतर काय? प्रेमात पडल्यावर आपल्याला कसं वाटतंय, यातच आपण गुंततो. प्रेम करायचं म्हणजे समोरच्याचं काय अडलंय ते बघायचं आणि रोज थोडा वेळ त्यासाठी द्यायचा. रानड्यांनी दिला तसा. आणि शिकवणारा गेल्यावरही रमाबाईंचं शिकणं थांबलं नाही.

आज संध्याकाळी कट्ट्यावर तो किंवा ती भेटेल, तेव्हा सेल्फी काढाच. नंतर एवढंच विचारा, तुला काय शिकायचं राहिलंय? उत्तर ऐकायला मात्र फोन खाली ठेवा.