मुलांचे मित्र साने गुरुजी



हेदवीहून धोपाव्याला जाऊन फेरीबोटीने दाभोळला उतरले की आपण दापोली तालुक्यात पोहोचतो. याच तालुक्यातील पालगड गावी २४ डिसेंबर १८९९ रोजी पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म झाला. घरची गरिबी आणि स्वभाव लाजाळू. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे असे गावोगाव जावे लागले. परक्या गावात एकटे पडणे म्हणजे काय, हे त्यांनी लहान वयातच अनुभवले.

१९२४ साली ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. पुढे तेथील छात्रालयाची जबाबदारी त्यांच्यावर आली. घर सोडून आलेल्या मुलांना त्यांनी छडीने शिस्त लावली नाही. मुले अंथरूण तसेच टाकून गेली तर गुरुजी स्वतः ते आवरून ठेवीत, खोली झाडीत, आजारी मुलाच्या उशाशी बसत. मुले ओशाळली. हळूहळू ती आपली कामे आपण करू लागली आणि एकमेकांनाही मदत करू लागली. मुलांसाठी गुरुजी स्वतःच्या हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढीत.

१९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिले. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. आपल्या माणसांत कोणी परका राहू नये, हीच त्यांची तळमळ होती.

परंतु इतरांना धीर देणारा हा माणूस आतून खचला होता. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले. सर्वांच्या दुःखात धावून जाणाऱ्याचे दुःख हलके झाले नाही.

पालकांनो, यातून दोन गोष्टी शिकता येतात. मैत्री उपदेशाने येत नाही. आपण शेजाऱ्याशी, घरी आलेल्या माणसाशी कसे वागतो, हे पाहून मुले शिकतात. दुसरी गोष्ट म्हणजे मैत्री दोन्ही बाजूंनी हवी. दुसऱ्याला मदत करण्याइतकेच आपले दुःख सांगणे आणि मदत मागणे हेही मुलांना शिकवायला हवे.

आज जेवताना मुलांना मार्कांविषयी विचारू नका. मधल्या सुट्टीत वर्गात एकटे कोण बसते, ते विचारा. मग तुला कधी एकटे वाटते का, हेही विचारा आणि उत्तर मिळेपर्यंत थांबा.