स्नायूतून गवसलेला पेशीचा सांगाडा

'क' जीवनसत्त्वाच्या शोधासाठी ओळखले जाणारे हंगेरीचे डॉ. अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी (१८९३-१९८६) यांनी पहिल्या महायुद्धाला विटून स्वतःच्याच दंडात गोळी झाडून घेतली आणि घरी परतून वैद्यकीय पदवी पूर्ण केली. १९३७ मध्ये नोबेल मिळाल्यावर ते स्नायूंच्या अभ्यासाकडे वळले.

सेगेदच्या त्यांच्या प्रयोगशाळेत इलोना बांगा यांनी स्नायूचा खिमा मिठाच्या द्रावणात रात्रभर ठेवला, तर अर्क नेहमीपेक्षा दाट निघाला. एटीपी घालताच तो पातळ झाला. त्यात मायोसिनबरोबर आणखी एक प्रथिन होते. ब्रुनो श्ट्राउब यांनी १९४२ मध्ये ते वेगळे केले. तेच ॲक्टिन. पुढे नाझी मागावर आल्याने सेंट-ग्यॉर्गींना लपून राहावे लागले. १९४७ मध्ये ते अमेरिकेत गेले.

ॲक्टिन आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीचा सांगाडा आहे, हे नंतर कळले. प्रोफिलिन त्याचे सुटे रेणू जोडणीसाठी पुरवते, आर्प २/३ धाग्यांना फांद्या फोडते, कोफिलिन जुने धागे तोडते. या बांधण्या-मोडण्यावरच जंतूंमागे धावणारी पांढरी पेशी सरकते आणि पसरणारी कर्करोगाची पेशीही. म्हणून कर्करोग रोखायला ॲक्टिन सरसकट बंद पाडता येत नाही. हृदयाचा ठोकाही त्यावरच चालतो.