कर्नल साइक्स आणि मुळेचे मासे

मुळशी तालुक्यातील सह्याद्रीच्या रांगांत मुळा नदी उगम पावते आणि पुण्यास येऊन मुठेला मिळते. तिच्या डोहांत कोणते मासे राहतात, हे काठच्या भोयांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. परंतु ते ज्ञान त्यांच्या जिभेवर होते, ग्रंथात नव्हते. ते ग्रंथात आणण्याचे कार्य एका परक्या सैनिकाच्या हातून घडले.

विल्यम हेन्री साइक्स यांचा जन्म १७९० साली इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. कोवळ्या वयातच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत दाखल झाले. १८०५ साली भरतपूरच्या वेढ्यात ते होते आणि १८१७ साली खडकीच्या रणांगणावर पेशव्यांच्या विरुद्ध लढले. आपणांस ही गोष्ट सुखाची वाटणार नाही; पण ती सांगितली पाहिजे. ज्या भूमीवर ते तलवार घेऊन उतरले, तिचीच भाषा मात्र त्यांनी मन लावून शिकून घेतली होती. मराठी व हिंदुस्थानी या दोन्ही भाषांत ते दुभाषाचे काम करू शकत.

१८२४ साली मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी त्यांना दख्खनची पाहणी करण्याच्या कामावर नेमले. कंपनीला हवी होती ती लोकसंख्येची, पिकांची व जमीनमहसुलाची माहिती. साइक्स यांनी ती तर गोळा केलीच, परंतु वाटेत दिसणारे पशुपक्षी, वाऱ्याची दिशा, हवेचा दाब यांकडेही त्यांचे लक्ष असे. पाणथळीच्या काठी ध्यानस्थ बसणारी ढोकरी आपण नेहमी पाहतो. या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम साइक्स यांनीच १८३२ साली प्रसिद्ध केले.

माशांच्या बाबतीत त्यांनी एक निराळीच रीत पाळली. त्या काळी नव्या प्राण्यास लॅटिन किंवा ग्रीक शब्दांवरून नाव देण्याचा परिपाठ होता. साइक्स यांनी काही माशांना विलायतेतील विद्वानांची नावे दिली खरी. पण भीमा, घोड, मुळा-मुठा या नद्यांतील कित्येक माशांना त्यांनी येथील लोकांच्या तोंडची नावेच कायम ठेवली. शिंगटी, कोळस, टाकरी हे शब्द त्यांच्या कानांना जसे ऐकू आले तसे रोमन लिपीत उतरले. मुळा-मुठेत मिळालेल्या मोठ्या खवल्यांच्या महसीर माशाला त्यांनी खुद्री म्हटले. चाळीसहून अधिक जातींच्या माशांची ही वर्णने १८३८ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळापुढे वाचली गेली व पुढे चित्रांसह छापली गेली. त्यामुळे आजही जगातील कोणत्याही देशाचा शास्त्रज्ञ या माशांविषयी लिहितो, तेव्हा त्याच्या लेखणीतून नकळत मराठी शब्द उतरतो.

या कामात एक मोठी उणीव मात्र राहिली. ज्या माशांची वर्णने लिहिली, त्यांचे नमुने पुढील अभ्यासकांना पाहावयास मिळाले नाहीत. वर्णन व चित्र यांवरूनच मासा ओळखावा लागे. घोड नदीवर शिरूरजवळ मिळालेल्या ‘मुसुल्ला’ माशाविषयी तर शंभर वर्षांनंतरही वाद चालू होता. सुंदरलाल होरा या थोर मत्स्यशास्त्रज्ञांनी कावेरीतील पाठीवर उंचवटा असलेला प्रचंड महसीर म्हणजेच साइक्स यांचा मुसुल्ला, असे मत १९४० नंतरच्या काळात मांडले. पुढे ते मत टिकले नाही. कावेरीचा तो मासा कित्येक वर्षे खात्रीच्या नावावाचूनच राहिला.

नाव नसले म्हणून काय बिघडते, असे कोणी विचारील. या माशाचे मात्र पुष्कळच बिघडले. मुळशी धरणाप्रमाणेच लोणावळ्याजवळचे वळवण धरणही टाटांचे आहे. तेथे १९७० नंतर खुद्रीची पिल्ले कृत्रिम रीतीने वाढविण्यात येऊ लागली. महसीर कमी होत चालला होता, म्हणून हे काम चांगल्याच हेतूने केले गेले. ही पिल्ले दूरदूरच्या नद्यांत, कावेरीतही सोडली गेली. तेथे खुद्री फोफावली आणि कावेरीचा मूळचा महसीर झपाट्याने घटला. २०१८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की हा मासा २००७ साली केरळात नोंदलेल्या ‘तोर रेमादेवी’ या जातीचा आहे. त्याच वर्षी त्याची गणना अत्यंत धोक्यात असलेल्या जातींत झाली.

साइक्स १८३१ साली मायदेशी परतले. पुढे ते कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष झाले, पार्लमेंटचे सभासद झाले आणि १८७२ साली लंडनमध्ये निवर्तले. ज्या मुळा-मुठेतून त्यांनी खुद्री मिळविली, तिच्या पुण्याजवळील पाण्यात आता शहराचे सांडपाणी मिसळते, आणि साइक्स यांच्या यादीतील अनेक मासे तेथे दिसेनासे झाले आहेत.