पडद्यावरची पहिली मोहिनी : कमलाबाई गोखले

विक्रम गोखले यांना आपण सगळेच ओळखतो. त्यांचे वडील चंद्रकांत गोखले यांचे काम आपल्या मंडळातल्या ज्येष्ठांनी पाहिलेले आहे. चंद्रकांतरावांच्या मातोश्री कमलाबाई मात्र नव्या पिढीला फारशा माहीत नाहीत. भारतीय चित्रपटात काम करणाऱ्या पहिल्या दोन स्त्रियांपैकी त्या एक. दुसऱ्या त्यांच्या आई, दुर्गाबाई कामत.

दुर्गाबाई नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या तेव्हा कमला अगदी लहान होती. त्या काळी ब्राह्मण घरातल्या एकट्या बाईने पोट भरायचे तर लोकांकडे स्वयंपाकपाणी, धुणीभांडी, नाहीतर त्याहून वाईट काही. दुर्गाबाईंनी नाटक कंपनी धरली. समाजाने वाळीत टाकले, पण त्या मागे फिरल्या नाहीत. कमलाची शाळा राहिली ती राहिलीच. चार-पाच वर्षांची असल्यापासून ती रंगमंचावर नाचू-गाऊ लागली.

इकडे दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती शोधत होते. 1912 मध्ये टायटॅनिक बुडाली, त्यातून वाचलेल्या डोरोथी गिब्सन या अमेरिकन नटीने महिन्याभरातच त्याच प्रसंगावरच्या मूकपटात काम केले. आपल्याकडे कॅमेऱ्यासमोर उभी राहायला एकही बाई तयार होईना. दादासाहेब वेश्यावस्तीतही विचारून आले, तिथेही नकार! शेवटी अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसवले.

1913 मधल्या पुढच्या चित्रपटाला, ‘मोहिनी भस्मासुर’ला, या मायलेकी मिळाल्या. दुर्गाबाई पार्वती झाल्या आणि जेमतेम तेरा-चौदा वर्षांची कमला मोहिनी. चित्रीकरण नाशिकला झाले. नाटकात गळ्यावर टाळ्या घेणाऱ्या मुलीला इथे आवाजच नव्हता, सगळे हावभावांवर. आज या चित्रपटाची प्रत उपलब्ध नाही. गंमत अशी की यानंतरही स्त्री-भूमिका पुरुषच करत राहिले. 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंकेच! पुढे काळ बदलला. 1922 च्या सुमारास धीरेन गांगुलींनी आपल्या हैदराबादेत लोटस फिल्म कंपनी काढली, तोवर स्त्रिया पडद्यावर दिसू लागल्या होत्या.

कमलाबाईंचे लग्न रघुनाथराव गोखले यांच्याशी झाले. गोखले बंधूंची चित्ताकर्षक नाटक मंडळी होती आणि रघुनाथराव आधी स्वतः स्त्री-भूमिका करत. आता रंगमंचावर नायक-नायिका म्हणून खरे पती-पत्नी उभे राहू लागले. हा संसार फार टिकला नाही. रघुनाथराव अकाली गेले. कमलाबाई तेव्हा पंचविशीच्या आसपास, पदरात लहान मुले.

मला त्यांच्या चरित्रातला हाच भाग सर्वांत मोठा वाटतो. पहिली अभिनेत्री हा मान योगायोगानेही मिळतो. पण नोकरी नाही, पेन्शन नाही, फंड नाही, अशा अवस्थेत त्यांनी पुन्हा तोंडाला रंग लावला. आम्ही बँकेत विधवांची फॅमिली पेन्शनची कागदपत्रे करत असू, तेव्हा त्या चार आकड्यांचा आधार किती असतो ते जवळून पाहिले आहे. कमलाबाईंकडे तेवढेही नव्हते. मनोहर स्त्री संगीत मंडळी या केवळ बायकांच्या कंपनीत त्यांनी पुरुषांच्या भूमिकाही केल्या. गावोगावचे दौरे, मुक्काम, जागरणे, सोबत मुले.

तिन्ही मुलगे कलेतच आले. चंद्रकांत अभिनयात, लालजी आणि सूर्यकांत तबल्यात. लालजींनी तर अहमदजान थिरकवा यांच्यासारख्या उस्तादांकडे तालीम घेतली.

बोलपट आल्यावर कमलाबाई तिथेही गेल्या, पुढे आई-आजीच्या भूमिका केल्या. 1980 चा ‘गहराई’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी रीना मोहन यांनी ‘कमलाबाई’ हा माहितीपट काढला. त्यात नव्वदीच्या घरातल्या कमलाबाई पुण्यातल्या आपल्या घरात बसून जुन्या नाटकांविषयी बोलताना दिसतात.