फारसीचे मराठी उपासक : माधव जूलियन

शाळेत जाणारा मुलगा पाठीवर दप्तर घेतो, वर्गात हजेरी देतो, कागदावर शाईने लिहितो आणि घरी परतताना बाजारातील दुकानापाशी क्षणभर थांबतो. दप्तर, हजेरी, कागद, शाई, बाजार, दुकान हे सारे शब्द फारसीच्या वाटेने मराठीत आले आहेत, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. कित्येक शतके दख्खनच्या दरबारांत फारसी ही राजकारभाराची भाषा होती. त्यामुळे तिचे असंख्य शब्द मराठी माणसाच्या तोंडी रुळले. त्या शब्दांचे मूळ शोधण्यासाठी आणि फारसीतील काव्यवैभव मराठीत आणण्यासाठी ज्यांनी अपार परिश्रम केले, त्यांत माधव त्र्यंबक पटवर्धन यांचे नाव अग्रभागी आहे. कवी म्हणून ते माधव जूलियन या नावाने प्रसिद्ध आहेत.

माधवरावांचा जन्म २१ जानेवारी १८९४ रोजी बडोदे येथे झाला. त्या काळी पुष्कळ मराठी विद्यार्थी महाविद्यालयात संस्कृत हा विषय घेत. माधवरावांनी मात्र इंग्रजीच्या जोडीला फारसी निवडली आणि १९१८ साली मुंबई विद्यापीठाची एम. ए. ही पदवी संपादन केली.

फारसी शिकणे हे सोपे काम नव्हे. तिची लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात. कित्येक अक्षरांचा आकार एकच असतो आणि केवळ नुक्त्यांवरून ती वेगळी ओळखावी लागतात. ऱ्हस्व स्वर तर बहुधा लिहितच नाहीत. त्यामुळे शब्द, अर्थ आणि कवितेची चाल या तिन्हींचे भान असल्याखेरीज ओळ नीट वाचता येत नाही. या अभ्यासाने माधवरावांचा कान अतिशय सूक्ष्म झाला.

एम. ए. झाल्यावर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात ते फारसी शिकवू लागले. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे ते एक प्रमुख कवी होते. पुढे महाविद्यालयातील त्यांची नोकरी सुटली. काही वर्षे स्थिर उत्पन्नावाचून गेली. परंतु त्यांच्या विद्याव्यासंगात खंड पडला नाही. १९२५ साली पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने त्यांचा फारसी-मराठी कोश प्रसिद्ध केला. मराठ्यांच्या इतिहासाची जुनी कागदपत्रे फारसी शब्दांनी भरलेली असल्यामुळे हा कोश इतिहासाच्या अभ्यासकांना मोठा आधार ठरला. १९२८ पासून माधवराव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन करू लागले.

सुमारे नऊशे वर्षांपूर्वी इराणातील निशापूर येथे उमर खय्याम नावाचा गणिती आणि ज्योतिर्विद होऊन गेला. त्याच्या नावावर चार ओळींच्या पुष्कळ कविता आहेत. त्यांना रुबाया म्हणतात. रुबाईच्या पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या ओळीत यमक असते. १८५९ साली फिट्झजेराल्ड या इंग्रज कवीने त्यांचे इंग्रजी रूपांतर केले आणि खय्याम जगभर पोहोचला. पण ते रूपांतर फार मोकळे होते. माधवरावांनी १९२९ साली थेट मूळ फारसीवरून रुबाया मराठीत आणल्या. १९३१ साली इंग्रजी काव्यावरून द्राक्षकन्या हे पुस्तक लिहिले. एवढ्यावरही न थांबता ते पुन्हा खय्यामाकडे वळले. एकदा केलेले काम परत तपासून पाहण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे.

गज्जल हा काव्यप्रकारही त्यांनीच मराठीत रुजवला. गज्जलेतील दोन ओळींच्या प्रत्येक शेरात स्वतंत्र विचार असतो. यमक मात्र सर्व शेरांना एका सूत्रात गुंफते. १९३३ साली त्यांचा गज्जलांजली हा संग्रह प्रसिद्ध झाला. कवितेची चाल कशी घडते, याचा शोध त्यांनी छंदोरचना या ग्रंथात घेतला. १९२७ साली निघालेला हा ग्रंथ त्यांनी पुढे दहा वर्षे खपून पुष्कळ वाढवला. त्याबद्दल १९३८ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही पदवी दिली. मराठीतील ग्रंथासाठी ही पदवी मिळवणारे ते पहिलेच विद्वान होत. त्याआधी १९३६ साली जळगावच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले होते.

त्यांच्या आयुष्यात एक गोष्ट नवलाची घडली. आरंभीच्या कवितेत फारसी शब्दांची उधळण करणारे माधवराव उत्तरायुष्यात भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. मराठीने शक्य तेथे स्वतःचे शब्द वापरावेत, असे त्यांना वाटू लागले आणि १९३८ साली त्यांनी भाषाशुद्धि-विवेक हे पुस्तक लिहिले. अनेकांना त्यांचे मत पटले नाही. रुळलेले शब्द परके कसे, असा त्यांचा सवाल होता. हा वाद पुढेही चालू राहिला. तथापि माधवरावांनी शब्दांना विरोध केला, तरी फारसी काव्यावरील त्यांचे प्रेम आटले नाही. परक्या शब्दांवर बोलण्याचा अधिकार त्यांनी ती भाषा मुळापासून शिकून मिळवला होता.

२९ नोव्हेंबर १९३९ रोजी पुणे येथे माधवरावांचे निधन झाले. त्यांचे वय तेव्हा अवघे पंचेचाळीस वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी, १९४० साली, खय्यामाच्या रुबायांचे त्यांनी केलेले तिसरे भाषांतर मधुलहरी या नावाने प्रसिद्ध झाले.